नऊ हजारांतली आठ चुंबकं

कारखान्यात चौदा माणसं होती आणि नऊ हजार चुंबकं. दोहोंपैकी कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं असा प्रसंग आला, तेव्हा दादांना फारसा विचार करावा लागला नाही. चुंबकं पगार मागत नाहीत, रजा मागत नाहीत, आणि नुसती पडून राहिली तर त्यांचा भाव वाढतो. माणसाचं तिन्ही बाबतींत उलटं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. पुढे काचेचं ऑफिस, मध्ये कामाची टेबलं, मागे वार्निश वाळवायच्या दोन भट्ट्या, एक लहान आणि एक मोठी. इथे लिफ्टचे दरवाजे सरकवणाऱ्या मोटरी बनत. लिफ्ट वर नेणारी मोटर मानाची. दरवाज्याची मोटर छपराआड बसते आणि बिघडली तरच लोकांना आठवते, तीही शिवीसकट. एकेका मोटरीत आठ चुंबकं लागत. बोटाच्या दोन पेरांएवढी, चपटी, चकचकीत, वजनाला तीस ग्रॅम, आणि ताकद अशी की दोहोंच्या मध्ये बोट सापडलं तर नख काळंनिळं.

ही चुंबकं ज्या धातूंची बनतात ते दुर्मीळ मातीतले म्हणून ओळखले जातात. माती तशी दुर्मीळ नाही. जमिनीत ती पुष्कळ आहे. पण हे धातू एकमेकांत असे मिसळलेले की वेगळे काढता काढता नाकी नऊ येतात आणि शेजारची नदी हातची जाते. म्हणून हे नको असलेलं काम सगळ्यांनी मिळून लांबच्या एका देशाच्या गळ्यात मारलं, आणि माल स्वस्त पडतोय म्हणून वर्षानुवर्षं खूश राहिले. मग एके दिवशी त्या देशाने प्रत्येक खोक्यासाठी परवाना मागायला सुरुवात केली. परवान्याला अर्ज, अर्जाला दाखला, दाखल्याला आणखी एक अर्ज. बंदरावर माल थांबला आणि भाव दुप्पट झाला, मग चौपट.

दादांकडे मात्र माल होता. आदल्या वर्षी पुरवठादाराने 'दुप्पट घ्या, सूट देतो' म्हटल्यावर त्यांना मोह आवरला नव्हता. त्या खरेदीबद्दल वहिनी, म्हणजे दादांची बायको आणि कारखान्याच्या स्टोअरची मालकीण, त्यांना महिनाभर टोचून बोलल्या होत्या. आता त्याच खरेदीला घरात 'यांची दूरदृष्टी' असं नाव पडलं.

मोटरीचा दर ठरलेला आणि चुंबकाचा वाढता. बघता बघता आठ सुट्या चुंबकांची किंमत त्यांच्यापासून बनलेल्या मोटरीपेक्षा जास्त झाली. म्हणजे मोटर बनवणं हा तोट्याचा धंदा, आणि न बनवणं हा नफ्याचा. दादा आयुष्यभर ज्या धंद्याच्या शोधात होते, तो हाच. हातातली ऑर्डर संपवून त्यांनी नवी घेतली नाही. फळ्यावर सूचना लागली: पुरवठा सुरळीत होईपर्यंत नऊ जणांनी घरी थांबावं. मागे स्टोअरमध्ये शंभर-शंभर चुंबकांची नव्वद खोकी छताला टेकली होती, पण सूचना वाचणाऱ्यांपैकी कुणाला आत जायची परवानगी नव्हती.

यादीत पहिलं नाव मावशींचं होतं. मावशी मोटरीची तार गुंडाळत. बावीस वर्षं त्या एकाच स्टुलावर बसल्या होत्या, त्यामुळे पगार सगळ्यांत जास्त त्यांचाच. म्हणून यादीतही पहिल्या. जाताना त्यांनी आपली लाकडी पट्टी, जिने तार खाचेत दाबून बसवायची ती, पिशवीत टाकली आणि दादांकडे न बघता निघाल्या.

फाटकापाशी दादांच्या धाकट्या बहिणीने त्या सगळ्यांना थांबवलं. ही कारखान्याची इंजिनियर. वय अडतीस, पण दादा तिला अजून चिमी म्हणत. बाकीचे ताई म्हणत. ताई म्हणाल्या, एका महिन्यात नऊच्या नऊ जणांना परत आणते, माझा शब्द. दादांनी काचेआडून ऐकलं आणि मनातल्या मनात म्हटलं, बोलायला पैसे पडत नाहीत.

ताईंच्या डोक्यात चार चुंबकांची मोटर होती. जुन्या नमुन्यात आठ चुंबकं रोटरला, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला, बाहेरून चिकटवत आणि त्यांची निम्मी ओढ हवेत वाया जाई. ताईंनी ती लोखंडाच्या पोटात, तिरक्या खाचांत बसवली, म्हणजे ओढ हवी तिथेच लागते. उरलेली कसर तारेने भरून काढायची. पूर्वी जिथे साठ वेढे सैल सोडलेले चालत, तिथे आता एकशे बारा, एकाला एक खेटून, एकही दुसऱ्यावर न चढता. चुंबकात जे वाचेल ते बोटांतून द्यायचं. लिफ्ट कंपनीच्या खरेदीच्या मॅडमनी कागद बघून सांगितलं होतं: दोन मोटरी बनवून द्या, आम्ही लाखभर वेळा दरवाजा उघडमीट करून बघू, टिकल्या तर सहाशेची ऑर्डर. मुदत महिनाअखेरची.

दोन मोटरी म्हणजे आठ चुंबकं. ताई ऑफिसात गेल्या. दादा फोनवर भाव बघत होते. हल्ली ते दिवसातून वीस वेळा बघत, तापलेल्या माणसाचा ताप बघावा तसा. फरक इतकाच की इथे ताप वाढला की घर आनंदात.

"दादा, आठ चुंबकं हवीत."

"कशाला?"

"मोटरीला. आपण मोटरी बनवतो."

"बनवायचो," दादा म्हणाले. "चिमे, नऊ हजारांतून आठ गेली की नऊ हजार राहतात का?"

"आठ हजार नऊशे ब्याण्णव राहतात."

"तेच म्हणतोय. गोल आकडा मोडतो. आणि आज आठ, उद्या तुझी मोटर चालली की चोवीसशे. भाव पाचपट होऊ दे, मग बघू."

पाचपट झाल्यावर सहापट होईस्तोवर थांबायचं असतं, हे ताईंना ठाऊक होतं. त्या गेल्या.

बहिणीची नजर मालावर पडली, याने दादा अस्वस्थ झाले. त्यातून पलीकडच्या गल्लीत कुणाचं तांबं चोरीला गेल्याची बातमी आली. स्टोअरचं दार लाकडी आणि खिडकीला जाळी. दादांनी शेडभर नजर फिरवली आणि त्यांना मोठी भट्टी दिसली. जाड लोखंडी दार, खिडकी नाही, आणि काम कमी झाल्यापासून तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. रविवारी नवराबायकोने नव्वद खोकी उचलून तिच्यात रचली आणि वर टाळं ठोकलं. स्टोअरच्या रिकाम्या खोलीलाही कुलूप तसंच ठेवलं, कुणाला संशय नको म्हणून. सोमवारी दोघंही कंबर धरून चालत होती आणि विचारलं की गादी बदलल्याचं सांगत होती.

इकडे ताईंनी दुसरा मार्ग काढला. शेडच्या कोपऱ्यात गेल्या कित्येक वर्षांत परत आलेल्या बिघडलेल्या मोटरींचा ढीग होता. मोटर मेली तरी तिच्या पोटातलं चुंबक मरत नाही. ताई आणि मास्तर, म्हणजे कामावर उरलेल्या पाचांतले सगळ्यांत जुने फिटर, ती सोडवायच्या मागे लागले. गोंद दगडासारखा. पहिली तीन चुंबकं उपसताना बिस्किटासारखी तुटली. मग मास्तर म्हणाले, आधी तापवू, गोंद नरम पडेल. लहान भट्टी चांगली कडक तापवली आणि मोटरी आत ठेवल्या. असं चार दिवस चाललं.

आता त्या दोन भट्ट्यांची तारजोडणी पूर्वी दादांनीच करून घेतली होती. इलेक्ट्रिशियनने दोन स्विच सांगितले होते. दादांनी एकात भागवलं. तेव्हापासून लहान भट्टी लावली की मोठीही तापे. मोठी रिकामी असली तर रिकामी तापे. त्याने कुणाचं अडलं नाही. विजेचं बिल जरा जड येई, पण ते वाचवलेल्या स्विचच्या नावावर मांडायची पद्धत नव्हती. मास्तरांनी टाळं पाहिलं आणि ताईंना म्हणाले, दादांनी आता रिकाम्या भट्टीलासुद्धा कुलूप लावलं, उरलो आपण दोघं. मागून येणारा जळका वास जुन्या गोंदाचाच असणार, याबद्दल दोघांचं एकमत होतं.

चार दिवसांत आठ अखंड चुंबकं निघाली. मास्तरांनी टाचणी लावून बघितली, तर पडली. त्यांचा चेहरा उतरला. ताईंनी समजावलं: उष्णतेने चुंबक मरत नाही, झोपतं. धातू तोच, कणांची तोंडं तेवढी दहा दिशांना फिरतात. एक जोराचा विजेचा झटका दिला की पुन्हा एका दिशेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला लाऊडस्पीकर दुरुस्त करणारा एक जण होता, त्याच्याकडे असं यंत्र होतं. आठ वेळा धाडकन आवाज झाला आणि आठही चुंबकं जागी झाली. तार मावशींनी घरी बसून गुंडाळली, जेवणाच्या टेबलाला पकड लावून, ताईंच्या शब्दावर आणि एक पैसा न घेता. मोटरी लिफ्ट कंपनीत गेल्या, मुदतीच्या आत.

दादांचा भाव साडेपाचपट झाला. सहावर विकायचं ठरलं होतं, पण वहिनींच्या माहेरून त्यांचा धाकटा भाऊ गिऱ्हाईक घेऊन आला, म्हणजे गिऱ्हाइकाच्या वतीने स्वतःच आला. हा भंगाराचा मोठा व्यापारी. दादा त्याला 'भंगारशेठ' म्हणत आणि तो मनावर घेत नसे, कारण त्याचं घर दादांच्या घरापेक्षा मोठं होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, शेड रिकामी असताना, दादांनी टाळं काढलं.

खोक्यांचे कडेचे पुठ्ठे खरपूस झाले होते. आतला थर्मोकोल वितळून गुठळ्या झाला होता. मेहुण्याने खिशातून एक स्क्रू काढला, चुंबकावर ठेवला, चुंबक तिरकं केलं. स्क्रू घरंगळून खाली पडला. दुसरं खोकं. तिसरं. सातव्या खोक्यानंतर त्याने स्क्रू खिशात ठेवला.

"दाजी, ही चुंबकं आहेत की फरशा?"

दादांची नजर भिंतीवरच्या एकुलत्या एका स्विचकडे गेली आणि तिथेच राहिली. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग स्विचकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. घरात इतकी कमी बोलून झालेली चर्चा ही पहिलीच.

तिथून तीस पावलांवर, शेडबाहेर, ताई डबा खात होत्या. दादांनी हाक मारली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण हाक मारली की ती आधी विचारणार, चुंबकं भट्टीत काय करत होती. मग विचारणार, मला आठ का दिली नाहीत. तिसरा प्रश्न त्या एकुलत्या स्विचचा, तो तर तिला विचारायचीही गरज नव्हती. नऊ हजार चुंबकं गेली तर गेली, पण ती कशी गेली हे धाकट्या बहिणीला कळायला नको. दादांनी दोन्ही बाजू तोलल्या आणि माल मेहुण्याला वजनावर देऊन टाकला, वितळवून धातू परत काढतात त्या भावाने. अट एकच, नाव कुठे निघता कामा नये. मेहुण्याने बहिणीच्या गळ्याची शपथ घेतली. बहीण समोरच उभी होती. तिलाही ती त्या क्षणी फार मोलाची वाटली नाही.

पंधरा दिवसांनी खरेदीच्या मॅडमचा फोन आला. दरवाजा लाख वेळा उघडला होता आणि लाख वेळा मिटला होता. सहाशे मोटरी, पहिल्या शंभर तीन आठवड्यांत, अर्धी रक्कम आगाऊ. मॅडमनी एकच विचारलं: चुंबकं आहेत ना? बाजारात कुणाकडेच नाहीत. ताई म्हणाल्या, नऊ हजार आहेत. आणि ऑफिसात आल्या.

"दादा, ऑर्डर आली. चोवीसशे काढ."

"विकली," दादा म्हणाले.

"किती?"

"सगळी. भाव चांगला आला."

ताई म्हणाल्या, पैसे आले असतील तर त्यातून थोडी परत घेऊ. दादा म्हणाले, येताहेत. कुणाकडून, ते म्हणाले नाहीत. वहिनी शेजारच्या टेबलावर नट मोजत होत्या. त्यांनी तीच वाटी तिसऱ्यांदा मोजायला घेतली.

फाटकापाशी दिलेला शब्द, मॅडमना दिलेला शब्द, आणि हातात एकही चुंबक नाही. रडायला वेळ असता तर ताई रडल्याही असत्या. पण त्यांना एवढं समजलं होतं की जागी चुंबकं महाग आहेत, झोपलेली नाहीत. ज्यांना ती उठवता येत नाहीत त्यांच्या दृष्टीने तो कचराच. आणि शहराचा सगळा कचरा शेवटी एकाच अंगणात जातो. दुसऱ्या दिवशी त्या वहिनींच्या भावाकडे गेल्या. भाच्यांच्या नात्याने त्याही त्याला मामाच म्हणत.

जुन्या मोटरी, जुने स्पीकर, काहीही चालेल, मेलेली चुंबकं असली तर सगळी घेते, असं ताईंनी सांगितलं. मामाने दाढी खाजवली. नाही म्हणाला. मग शपथ कशाची घेतली होती ते मनात नीट तपासून पाहिलं. नाव काढायचं नाही एवढीच होती. माल काढायचा नाही अशी नव्हती. त्याने मागच्या शेडमधली पोती दाखवली. एका सद्गृहस्थाची आहेत, म्हणाला, दुःखात आहेत बिचारे.

सगळी एका मापाची. दोन पेरं, चपटी. ताईंनी मूठभर उचलली तर त्यांच्याबरोबर एक चिठ्ठी आली, कडा करपलेली. तिच्यावर लिहिलं होतं: '१०० नग. मोजले. मोजले.' सगळं दोनदा मोजून दोनदा तसं लिहिणारी बाई त्या शहरात एकच होती.

"मी काही बोललो नाही हं, ताई," मामा म्हणाला.

"मी तरी कुठे काही विचारलं, मामा."

करपलेली कड त्यांनी बोटाने चोळली. कुठली भट्टी, कुठले चार दिवस आणि कुणाच्या हाताने, हे सगळं तिथेच उभ्या उभ्या कळलं. त्यात आपलाही हात होता हेही कळलं, आणि त्यांना हसू आलं, ते मामाला आवडलं नाही. त्याला वाटलं आपल्यालाच या मालाची किंमत कळलेली नाही. वीस नग घेऊन त्या स्पीकरवाल्याकडे गेल्या. वीसही जागी झाली. ताईंनी सगळा माल घ्यायचं ठरवलं. मामाने स्वतः दिलेल्या भावाच्या चौपट भाव लावला, तरी बाजारापुढे तो मातीमोलच होता.

आगाऊ रक्कम कारखान्याच्या खात्यात आली होती आणि चेकवर सही दादांची लागे. ताईंनी बिल पुढे ठेवलं. त्यावर मेहुण्याचं नाव होतं आणि खाली: जुनी चुंबकं, दोनशे अडुसष्ट किलो.

दादांनी बिल वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांनी दिली होती दोनशे सत्तर. दोन किलो मेहुण्याने मधल्यामध्ये ठेवून घेतली होती, आणि ते त्याला विचारायची सोय नव्हती. जन्मात पहिल्यांदा दादांना कमी वजन दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. तरी राहवलं नाही.

"वजन बरोबर आहे का बघितलंस?"

"दोन किलो कमी असावं," ताई म्हणाल्या. "पण कशापेक्षा कमी, ते मला कसं कळणार? तुला माहीत असलं तर सांग."

दादांनी पेनाचं टोपण काढलं.

"मेलेल्या चुंबकांचं करणार काय?"

"उठवणार. एकेकाला एक झटका बसतो."

दादा पेन धरून बसले. म्हणजे ती मेली नव्हती. म्हणजे आपल्याच भट्टीत, टाळं लावून, नऊ हजार नग सुखाने झोपले होते, आणि उठवणारी तीस पावलांवर डबा खात होती. हा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे एकदा केला आणि पुन्हा कधी करायचा नाही असं ठरवून टाकलं. सही केली. स्वतःचा माल, स्वतःच्या मेहुण्याकडून, चौपट भावाने.

चेक उचलायच्या आधी ताईंनी दुसरा कागद ठेवला. नऊ नावं होती. दादा म्हणाले, सध्या पाच बोलाव, पुढचं पुढे बघू. ताईंनी नुसतं बिल परत वाचायला घेतलं, जरा मोठ्याने, पहिल्या ओळीपासून. बाहेर मास्तर होते. दादांनी नऊ नावांखाली सही केली.

दुसऱ्या दिवशी आठ जण आले. मास्तरांनी त्यांना सांगितलं की दादांनी पडत्या काळात कुठून कुठून माल गोळा केला, दूरदृष्टी लागते. आणि काचेआड बसलेल्या दादांनी हे कानांवर पडू दिलं.

मावशी मात्र आल्या नाहीत. त्यांना पंखे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाचं काम मिळालं होतं, घरबसल्या, नगावर पैसे. तार गुंडाळणारे कारखान्यात आणखी दोघं होते. त्यांनी ताईंच्या खाचेत तार भरायला घेतली. एकाचे नव्वद वेढे झाले आणि खाच संपली. दुसऱ्याचे शंभर झाले, पण तारेवरचा लेप खरवडला आणि चाचणीला लावताच धूर निघाला. तीन दिवसांत एकही मोटर पास झाली नाही. पहिल्या शंभरांच्या मुदतीला दोन आठवडे उरले. जागी केलेली चुंबकं खोक्यांत रांगेने तयार होती, आणि त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

ताई मावशींकडे गेल्या. मावशींनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुम्ही शब्द दिला, तुम्ही पाळला. पण मला काढलं तुम्ही नव्हतं. ज्यांनी काढलं त्यांनी यावं.

दादा दोन दिवस म्हणाले, काम पडलंय. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला, पहिल्या शंभरांचं कुठवर आलं म्हणून. संध्याकाळी दादा ताईंबरोबर तीन मजले चढून गेले. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

मावशी टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी मान हलवून खुर्ची दाखवली आणि ओठांवर बोट ठेवलं. वेढे मोजणं चालू होतं. दादा तोंड उघडून बसले होते, ते त्यांनी मिटलं. पंखा लहान होता पण वेढे बरेच होते. दहा-बारा मिनिटं खोलीत फक्त तारेचा आवाज. बावीस वर्षांत दादांनी मावशींना काम करताना कधी बसून बघितलं नव्हतं. उभ्याउभ्या बघितलं होतं, घड्याळाकडे एक डोळा ठेवून. आता पाहिलं तर त्या बोटांकडे बघतच नव्हत्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि बोटं आपली आपण तार ओळीत बसवत होती.

वेढे संपले. मावशींनी गाठ मारली, पट्टी बाजूला ठेवली आणि अटी सांगितल्या. पगार दीडपट. घरी बसलेल्या दिवसांचे अर्धे पैसे, एकट्या त्यांना नाही, नऊही जणांना. पुन्हा कधी घरी बसवायची वेळ आली तर महिनाभर आधी सांगायचं, आणि तेही कागदावर. सांगताना आवाज चढला नाही; दुकानदार भाव सांगतो तसं सांगितलं.

दादांनी ताईंकडे पाहिलं. ताई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या. दादा म्हणाले, मावशी, इतक्या वर्षांचे संबंध आहेत आपले, थोडं कमीजास्त करा.

"मला कुठे घाई आहे," मावशी म्हणाल्या. "अजून थोडा भाव वाढू दे. मग बघू."

त्यांनी ते शेडमध्येच कधीतरी, काचेपलीकडून ऐकलेलं असणार. दादांनी खिशात हात घातला, रुमाल काढला, परत ठेवला. तीन मजले उतरून पुन्हा चढायचे, आणि तोवर हा दीडपटीचा भाव दुपटीवर जायचा. चढता भाव कसा असतो हे त्यांना नव्याने शिकायचं नव्हतं. कबूल आहे, म्हणाले. कागद ताईंनी पिशवीतून काढला. तो आधीच लिहून आणलेला होता, दीडपटीचा आकडासुद्धा घालून. तो बघून दादांनी बहिणीकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि सही केली.

"मग उद्या आठला," दादा उठत म्हणाले.

"परवा. या दुकानाचे अजून चार पंखे आहेत माझ्याकडे."

"मावशी, सहाशे मोटरी अडल्यात. चार पंखे द्या परत करून."

"घेतलेलं अर्ध्यात टाकायची सवय मला नाही," मावशी म्हणाल्या आणि पुढचा पंखा पकडीत घट्ट केला. "दार ओढून घ्या जाताना. वाऱ्याने तार हलते."